मूल सांभाळत लेखक व्हायचंय? मुंबईतल्या नवोदितांसाठी पायरीपायरीने

घरात लहान मूल आहे, डोक्यात गोष्टी आहेत आणि घर मुंबईत आहे, म्हणजे लिहायला वेगळी खोली बहुधा नाहीच. हा लेख अशांसाठी. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसणाऱ्यांसाठी तो नाही, आणि ‘मूल जरा मोठं झालं की बघू’ म्हणणाऱ्यांसाठी तर नाहीच. मूल मोठं होतं तसे त्याचे क्लास, प्रोजेक्ट आणि परीक्षाही मोठ्या होतात.

माझं सांगायचं तर भांडुपला वन बीएचके, बायको नर्स, तीन पाळ्यांची ड्युटी. मुलगी झाल्यावर घरी थांबायचं ते मी थांबलो. जाहिरातींचं मराठी भाषांतर आणि मुद्रितशोधन घरून करतो, उरलेल्या फटीत कथा लिहितो. त्या आता छापून येतात, एक संग्रहही निघाला. यातली बरीचशी माहिती मला दहा जणांना विचारून गोळा करावी लागली. तुम्हाला ती एका जागी मिळावी एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. मुलाचं वय बघून लेखनाचा प्रकार निवडा

वर्षाच्या आतलं मूल असेल तर कादंबरीचं नाव काढू नका. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा मिळते तेव्हा ‘या रजेत पुस्तक पूर्ण करते’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. ती रजा झोप भरून काढायलाही पुरत नाही. या काळात कविता, छोटी ललित टिपणं, व्यक्तिचित्रांचे कच्चे तुकडे एवढंच धरा. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की कथा जमते, कारण कथा प्रसंगाप्रसंगाने लिहिता येते. शाळेचे चार-पाच तास हक्काचे मिळू लागले की मग लांब पल्ल्याचं काम काढा.

‘घरात मूल आहे तर बालसाहित्यच लिही’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. आवड असेल तर जरूर लिहा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक चाळले तर मुलांसाठी लिहिणं किती कसबाचं काम आहे ते कळेल. पण सोपं असेल म्हणून त्या वाटेला जाऊ नका, सोपं ते नाहीच.

मुंबईत असल्यामुळे मालिकांच्या संवादलेखनाची संधीही समोर येते. पैसे बरे असतात. पण रोजच्या मालिकेत बदल रात्री दहाला येतात आणि सकाळी सेटवर पानं लागतात. मूल तीन-चार वर्षांच्या आत असेल आणि घरात दुसरं हक्काचं माणूस नसेल तर या वाटेला आत्ता जाऊ नका. गेलातच तर कथाकल्पना कुणाला ऐकवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथे तिची नोंदणी करा. ती ऑनलाइन होते.

२. वेळ शोधू नका, कामाची वाटणी करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ‘रोज दोन तास लिहा’ हे ज्यांच्या घरी मूल नाही त्यांचं गणित. आपल्याला मिळतात ते तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जातीचा. म्हणून लेखनाचं काम तीन भागांत वाटून घ्या.

*एकहाती काम:* मूल कडेवर, मांडीवर किंवा झोळीत असताना होणारं. वाचन, पात्रांचे संवाद मनात घोळवणं, फोनवर दोन ओळी टिपून ठेवणं.

*दोन हातांचं काम:* मूल शेजारी खेळतंय, टीव्ही चालू आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, तरी होऊ शकणारं. टाइप करणं, शुद्धलेखन तपासणं, संपादकांना मेल, मुद्रितं वाचणं.

*बंद दाराचं काम:* पहिला खर्डा, कथेचा शेवट, मोठी कापाकापी. यात मध्येच ‘बाबा, शी झाली’ आलं की धागा तुटतो आणि पुन्हा लवकर सापडत नाही.

नवशिक्यांची चूक अशी होते की दार बंद करून मिळालेल्या दुर्मीळ तासात ते मेल लिहीत बसतात, आणि मूल अंगावर लोंबकळत असताना पहिला खर्डा लिहायला घेतात. मग मुलावर खेकसतात.

आमच्या फ्रिजवर बायकोचं महिन्याचं ड्युटीपत्रक लावलेलं असतं. ते हातात आलं की मी लाल पेन घेऊन बसतो. तिची सुट्टी आणि शाळेचा दिवस जिथे जुळतो त्या चौकोनाला गोल. तो बंद दाराचा दिवस, त्या दिवशी कुठलंही बिल भरायला, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाही. नाइट ड्युटीच्या आठवड्यावर सरळ फुली, कारण ती दिवसा झोपते, घरात पंख्याशिवाय आवाज नको असतो आणि मी लेकीला घेऊन बागेत. त्या आठवड्यात बाकावर बसून फोनवर जुन्या मजकुराची दुरुस्ती, एवढंच. फुली आधीच मारलेली असते म्हणून जिवाला लागत नाही. तुमच्या घरी ड्युटीपत्रक नसेल, पण शाळेचं वेळापत्रक, सासूबाईंचा भजनाचा वार, नवऱ्याचा घरून कामाचा दिवस हे सगळं असतंच. ते एका कागदावर आणा.

‘मूल झोपलं की लिहू’ या बेतावर फार विसंबू नका. थोपटता थोपटता आधी आपणच झोपतो. त्यापेक्षा पहाटे उठा. ज्यांच्याकडे नळाला पहाटे पाणी येतं त्यांना उठावं लागतंच. पाण्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावा.

तास मिळवायचे आणखी काही मार्ग:

- अदलाबदल. सोसायटीत तुमच्या मुलाच्या वयाचं मूल असलेलं घर गाठा. शनिवारी दोन तास त्यांचं मूल आपल्याकडे, रविवारी आपलं त्यांच्याकडे. यात कुणाचे उपकार होत नाहीत म्हणून ते टिकतं.
- पाळणाघर. बऱ्याच काकू पूर्ण महिन्याचीच फी सांगतात, पण तासांवर ठेवाल का हे विचारा. दुपारच्या वेळेला जागा असते. ‘थोडं बाहेर जायचंय’ असं मोघम न सांगता ‘माझं काम आहे, अमुक वाजता येईन’ असं सांगा.
- ऑफिसचं पाळणाघर. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे. नोकरी करत असाल तर एचआरला लेखी विचारा. तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं.
- आजी-आजोबा. त्यांच्याकडून वेळ मागायचा तर घड्याळ सांगून मागा. ‘जरा बघता का’ म्हटलं की पाच मिनिटांत मूल परत येतं. ‘चार ते सहा मी घरात नाही असं समजा’ हे चालतं.

जाता जाता, बाई घरी बसून लिहिते तेव्हा शेजारी म्हणतात ‘तुम्हाला काय, वेळच वेळ’, आणि पुरुष लिहितो तेव्हा विचारतात ‘नोकरी गेली का?’. दोघांनाही एकच उत्तर पुरतं: काम चालू आहे.

३. बसायची जागा हेरून ठेवा

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. ठाणे-मुलुंडकडच्यांना ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ पडेल, ते १८९३चं. याशिवाय उपनगरांत छोटी सार्वजनिक वाचनालयं बरीच आहेत. अनामत भरून सभासद व्हा. पुस्तकं तर मिळतातच, पण वाचनकक्षात बसून हाताने लिहिण्यालाही सहसा कुणी हरकत घेत नाही. लॅपटॉप चालेल का, चार्जिंग मिळेल का, वेळा काय, हे आधी विचारून घ्या. अभ्यासिका बहुतेक ठिकाणी स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात, त्यांच्या परीक्षेच्या तोंडावर जागेची आशा धरू नका.

कॉफीशॉप मला परवडत नाही, आणि तिथलं संगीत डोक्यात जातं. नोकरीला लोकलने जाणाऱ्यांनी मात्र शेवटच्या स्टेशनावरून गाडी पकडता येते का बघावं. बसायला मिळालं तर कर्जत किंवा विरारहून येणाऱ्याला दिवसाला दीड-दोन तासांचं एकहाती काम होतं. उभ्याने जाणाऱ्यांनी कानात जुन्या खर्ड्याचं ध्वनिमुद्रण लावावं. आपल्याच वाक्यांतली खडखड ऐकताना लगेच कळते.

४. साधनं: फोन, कीबोर्ड आणि एक वही

लॅपटॉप नसेल तर अडून बसू नका. फोनवर मराठी कीबोर्ड घ्या आणि युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट उघडणाऱ्या अक्षरांत, लिहा. जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात, आणि तो बदलून घ्यायला पुन्हा पैसे जातात. बाहेरून टायपिंग करून घेत असाल तर ‘युनिकोडमध्येच हवं’ हे आधी सांगा.

हात मोकळे नसतील तर बोलून टाइप करा. बहिणाबाई चौधरींच्या रचना जात्यावर आणि शेतात काम करताना झाल्या. त्यांतल्या कित्येक त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. आपल्यासाठी उतरवून घेणारा फोन खिशात आहे. तो ‘ण’चा ‘न’ करतो, विरामचिन्हं गिळतो आणि मागून मुलगी ओरडली तर तेही लिहितो. पण तो तुकडा वाचला ना, बाकी नंतर दुरुस्त होतं.

प्रत्येक खर्ड्याच्या फाइलला तारीख द्या आणि रोज स्वतःलाच मेल करा. मूल आणि दुधाचा पेला एका घरात असताना फक्त लॅपटॉपवर भरवसा ठेवू नये.

शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत. छापून भिंतीवर लावा. संपादक ऱ्हस्व-दीर्घावरून कथा नाकारत नाहीत, पण पहिल्याच पानावर दहा चुका दिसल्या की पुढचं पान उलटायचा उत्साह राहत नाही.

५. दिवाळी अंकाचं वर्ष समजून घ्या

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. नवीन कथाकाराला आजही आत शिरायला हेच मोठं दार आहे. अडचण एवढीच की अंक येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि साहित्य स्वीकारायची मुदत बऱ्याच ठिकाणी जून ते ऑगस्टमध्येच संपते. नवरात्रात कथा पाठवणारे दरवर्षी असतात.

मूल असलेल्या घरासाठी हे वर्ष असं लावा:

- नोव्हेंबर-डिसेंबर: दिवाळीची सुट्टी संपली की अंक वाचा. वाचनालयातून आणलेत तरी चालेल. कुठला अंक कशा प्रकारच्या कथा घेतो, साधारण किती शब्दांच्या, संपादकीय पत्ता काय, हे वहीत लिहा.
- जानेवारी ते मार्च: पहिला खर्डा. बंद दाराचे सगळे तास इथे घाला.
- एप्रिल: दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, दुरुस्त्या करा. वाचणारा घरातला नको. घरातलं माणूस एकतर कौतुक करतं नाहीतर ‘ही मावशी म्हणजे माझी आईच ना?’ म्हणून भांडतं.
- मे: सुट्टी. मूल दिवसभर घरी, नाहीतर तुम्ही सगळे गावी. लिहिण्याचा कुठलाही बेत करू नका. कथा मे उजाडण्याआधी तयार हवी.
- जून: शाळा सुरू झाली की शेवटचा हात फिरवा आणि पाठवून द्या.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. मेलमध्ये दोन ओळींत ओळख, कथेचं नाव, शब्दसंख्या, ‘कथा अप्रकाशित आहे’ हे वाक्य आणि फोन नंबर. स्वतःच्या संघर्षाची कहाणी नको, मुलाचा उल्लेख तर अजिबात नको. दीड-दोन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा. उत्तर आलं नाही तर ‘कथा मागे घेत आहे’ असं कळवून पुढच्या वर्षासाठी दुसरीकडे वळा.

मानधन काही अंक वेळेवर देतात, काही उशिरा, काही फक्त अंकाची प्रत देतात. कथा स्वीकारल्याचं कळलं की त्याच वेळी विचारून घ्या, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

सापळा: ‘तुमची कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, सहभाग शुल्क भरा आणि सन्मानपत्र मिळवा’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतात. पैसे भरले की सगळेच निवडले जातात. तेवढ्या पैशांत पाळणाघराच्या काही दुपारी येतात.

६. कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा

- पॅन कार्डची प्रत. मानधन ठरावीक रकमेच्या वर गेलं की १० टक्के कर कापून पैसे येतात. पॅन दिलेला नसेल तर जास्त कापतात.
- बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला एक चेक
- चार-पाच ओळींचा लेखक-परिचय आणि एक नीट फोटो
- छापून आलेल्या प्रत्येक लेखनाची प्रत: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि तुमची पानं. लगेच स्कॅन करा, अंक पुढे मिळत नाहीत.
- पाठवलेल्या साहित्याची नोंदवही: काय, कुठे, कधी, काय झालं
- स्वीकृतीचे मेल आणि करार

फाइल वरच्या फडताळात. खालच्या कप्प्यातल्या कागदांवर आमच्याकडे हत्ती काढले जातात.

७. पुस्तकाकडे वळताना

सात-आठ कथा बऱ्या ठिकाणी छापून आल्या की संग्रहाचा विचार करा. आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखितं ठरावीक मुदतीत मागवतात, तेव्हा नियम त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा. पैसे भरून घाईने एखादं पुस्तक काढण्याच्या आधी वाचा, कारण नंतर ‘पहिलं पुस्तक’ म्हणायला काही उरत नाही.

प्रकाशक गाठताना त्यांची पुस्तकं आधी हातात घेऊन बघा. दादरच्या पुस्तकांच्या दुकानात उभं राहिलात तर कोणाची छपाई कशी, कोण नव्यांना घेतं, हे तासाभरात कळतं. मूल बरोबर असेल तर अर्ध्या तासातच उरका.

करार वाचल्याशिवाय सही नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. लिहिल्या क्षणी हक्क तुमचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर आणि नंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणून करारात एवढं शोधा: कोणते हक्क (फक्त छापील पुस्तक, की ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, चित्रपटही?), किती वर्षं, किती प्रती, मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर की विक्रीवर, हिशेब कधी देणार. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर खोडून द्यायला सांगा. नाही म्हणाले तर वेळ मागून घ्या. त्याच दिवशी सही हवी असं म्हणणाऱ्याकडे सही करू नका.

सापळे इथेही आहेत. ‘छापतो, पण ३०० प्रती तुम्ही विकत घ्या’ हा व्यवहार म्हणजे तुमच्याच पैशांचं पुस्तक. तसं करायचंच असेल तर उघड डोळ्यांनी करा, दोन-तीन मुद्रकांचे दर घ्या, आणि प्रती ठेवणार कुठे ते आधी ठरवा. वन बीएचकेत पलंगाखाली किती गठ्ठे मावतात हा साहित्यिक प्रश्नच आहे. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, वेगळं शुल्क लावलं असेल तर विचारा, कारण भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था विनाशुल्क देते.

८. मूल लेखनात आणताना

घरातलं मूल हा आयता विषय असतो, आणि ते ज्या तऱ्हेने बोलतं ते लिहून ठेवायचा मोह होतोच. वहीत खुशाल लिहा. छापायला देताना मात्र नाव, शाळा, इमारत, आजार, अंथरुणात शू करण्याचं वय, हे सगळं काढा. कथेत मुलगी असेल तर मी तिला माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी किंवा थेट मुलगाच करतो. उद्या तिच्या वर्गातल्या कुणीतरी ते वाचणार आहे. मूल वाचायला लागलं की त्याला विचारून छापा, आणि ‘नको’ म्हणालं तर ते मोडायचं नाही.

९. ताप आला की काय करायचं

मुदत उद्यावर आणि मुलाला आज ताप, हे होणारच. पावसाळा आणि दिवाळी अंकाची धावपळ एकाच वेळी येते. म्हणून स्वतःची मुदत संपादकांच्या मुदतीच्या दहा दिवस आधीची धरा. तरीही गाठली नाही तर गप्प बसू नका. कारणांचा पाढा न वाचता वेळेत कळवलं की बहुतेक संपादक चार दिवस देतात. मी हा मजकूर फोनमध्ये तयारच ठेवला आहे, हवा तर घ्या:

‘नमस्कार. कथेचा अंतिम मजकूर उद्या द्यायचा होता. घरी आजारपण असल्याने तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो. तोवर अंकाचं काम अडत असेल तर कृपया आज कळवा, आहे तो खर्डा लगेच पाठवेन.’